बंद यंत्र

त्याच्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं, पण जखम काही भरेना. मग नर्सने जखमेत स्पंज बसवला, वरून पट्टी चिकटवली आणि नळीला एक छोटं यंत्र जोडलं. ते जखमेतलं पाणी सतत ओढून घ्यायचं.

यंत्र दिवसभर तिच्या खांद्याला लटकलेलं असायचं. ते गुरगुरलं की ती हळूच काहीतरी बोलायची. नवरा खोलीत आला की दोघंही गप्प.

“कोणाशी बोलत होतीस?”

“कोणाशी नाही रे.”

त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याशी ती इतकं हळुवार कधी बोलली होती, हे त्याला आठवत नव्हतं.

आज दुपारी नर्स आली. “जखम छान भरलीये,” म्हणत तिने यंत्र बंद केलं, नळी काढली आणि ते टेबलावर ठेवलं. नवऱ्याच्या जिवात जीव आला. त्याने बायकोचा हात हातात घेतला.

टेबलावरचं बंद यंत्र गुरगुरलं.

बायकोने हात अलगद सोडवून घेतला. “थांब जरा. त्याला बोलू दे.”

नवऱ्याने नर्सकडे पाहिलं. तीही मान कलती करून ऐकत होती. यंत्र थांबल्यावर तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“खरंय,” ती यंत्राला म्हणाली. “मलाही यांच्याबद्दल तसंच वाटलं होतं.”