नवी भुई

"मुरूम टाकला तं उकरते, फरशी बसवली तं घसरते. तुह्यासाठी आता गादी शिवू काय?" देवीलाल घोडीच्या कानाशी कुरकुरला.

घोडी वरातीत नाचणारी. रस्त्यानं कोणाचाही बँड वाजत गेला, की ही तबेल्यात बांधल्या जागी नाचायची आणि भुईत खड्डे पाडायची. शेवटी त्यानं मुरूम चोपून वर रबरी मॅट टाकली आणि तिच्यावर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर अंथरला.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. भुई जशीच्या तशी राहिली.

"पाह्य, एक खड्डा नाही," तो रोज बायकोला सांगायचा. बसंतीबाई रोज "हो" म्हणायची.

आज दारावरूनच वरात गेली. ढोलताशानं तबेल्याचे पत्रे थरथरले. घोडी मान खाली घालून कुटार चघळत राहिली.

देवीलालनं वाकून सरळच असलेलं कुटार पुन्हा सरळ केलं. "मॅट लय चांगली निघाली. परवा आर्णीच्या वरातीची सुपारी घेतली हाय, पाय शाबूत पाहिजेत तिचे."

बसंतीबाईनं त्याच्या हातातलं कुटार काढून घेतलं.

"अवो, पाय शाबूतच हायेत. तिले ऐकू येत नाही आता."