दुसरी उशी

परदेशातून मागवलेलं जुनं ग्लायडर ट्रेलरसकट बंदरात उतरलं, तेव्हा त्याची बायको दोन उश्या शिवून हजर होती. "तुलाही आभाळात नेईन," असं तो वर्षभर म्हणत आला होता आणि मागवलं होतं एकाच सीटचं. ट्रेलरचं दार उघडताना त्याने मान खाली घातली.

"अगं, एक सांगायचं राहिलं..."

"सीट एकच आहे, हेच ना? कस्टम्सचे फॉर्म भरले कोणी? मीच!"

"मग ही दुसरी उशी?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"आपल्या गाडीत, माझ्या पाठीला. तुमच्या या विमानाला इंजिन नाही. वारा पडला की उतराल कुठल्यातरी माळावर. तिथून आणायला ट्रेलर घेऊन येणार कोण? महिनाभर शिकतेय मी, ट्रेलर जोडून गाडी मागे घ्यायला."