मनं मोजायचा कागद

"समोरचा माणूस रागावला तर तुम्ही काय करता?" नांदेडहून आलेल्या दीपमाला मॅडमनी कागदावरचा पहिला प्रश्न वाचला.

"हजेरी कापतो," महादेवप्पा म्हणाले.

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

लातूरच्या त्या डाळमिलमध्ये निवडणीचे दोन गट होते. एक महादेवप्पांचा, दुसरा सुकन्याबाईंचा. बाईंच्या गटाची पोती दीडपट, अन् डाळीत खडा शोधून सापडायचा नाही. दोघांपैकी एकाला मॅनेजर करायचं मालक अण्णारावांच्या मनात होतं. पण त्याआधी त्यांना गटांची भावनिक बुद्धिमत्ता मोजून हवी होती. दुसऱ्याचं मन कुणाला किती कळतं आणि त्यानं काम किती वाढतं, ते बघायचं होतं. मॅडमना तीन महिने दिले होते.

महादेवप्पांनी बावीस वर्षं मिलची धूळ खाल्लेली. बाई येऊन चार वर्षं झालेली. तिच्या पोत्यांचा आकडा फळ्यावर दिसला की अप्पांना भाकरी गोड लागत नसे. हिच्या गटात काहीतरी किडकं असणारच. ते हुडकायचं अन् मॅडमच्या कानावर घालायचं.

दुपारच्या चहाला ते बाईंच्या गटात जाऊन बसू लागले.

"सिद्धम्मा, बाई लई राबवून घेते म्हणं?"

"राबणं तर हायेच की अप्पा. गुडघा लई दुखायलाय बघा."

गुडघ्यामागून बाईचं नाव निघेल म्हणून अप्पांनी अर्धा तास गुडघा ऐकला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही नेलं. वाटेत सिद्धम्मा बोलली, पण सुनेबद्दल. त्याच गटातल्या धोंडप्पांनी उदगीरच्या व्याह्यांचं गाऱ्हाणं तीन चहा पुरवलं. अप्पा नुसते हूं हूं करत राहिले. बाईविरुद्ध अक्षर मिळेना. पुढं पुढं तर लोकच त्यांना हुडकत येऊ लागले. इकडं त्यांचा स्वतःचा गट मोकाट सुटला, अन् बाईंची पोती आणखी वाढली.

निकालाच्या दिवशी दोन्ही गटांसमोर मॅडमनी चष्मा लावला.

"मन मोकळं करायला कुणाकडं जाता? या प्रश्नाला सुकन्याबाईंच्या गटातल्या अकराही जणांनी महादेवप्पांचं नाव लिहिलंय. मिलमध्ये सगळ्यात जास्त मार्क त्यांचेच."

अप्पांनी टोपी नीट केली. सुकन्याबाईंकडं पहिल्यांदाच मायेनं पाहिलं.

अण्णारावांनी मॅनेजरच्या नेमणुकीचा कागद पुढ्यात ओढला. पेनचं टोपण काढलं.

"पण दुसऱ्या गटाच्या माणसाकडं जायचं तुम्हाला सुचलं कसं?" मॅडमनी बाईंच्या गटाला सहज विचारलं.

"आमाला कुठलं सुचतंय," सिद्धम्मा म्हणाली. "बाईनंच सांगितलं होतं."

अण्णारावांचं पेन थांबलं.

"पहिल्याच दिवशी म्हणल्या, अप्पा माझी खोट हुडकायला येऊन बसतील. ज्याला जे रडायचं ते त्यांच्यापाशी रडा, कामावर हलक्या मनानं या. फक्त खोट तेवढी सापडू देऊ नका, म्हणजे ते रोज येतील."