बारा तास हलवायची नाही

"हात लावू नकोस!"

तो एवढ्या जोरात ओरडला की तिच्या हातातला चहा बशीत हिंदकळला. ती गाडीला हात लावत नव्हतीच. कप टेकवायला जागा शोधत होती, आणि त्या पार्किंगमध्ये टेकवण्याजोगी एकच वस्तू होती.

"बॉनेटवर आत्ताच थर दिलाय," नवरा जरा मवाळ होत म्हणाला. "वाळू दे."

सकाळी सहापासून तो गाडीच्या मागे लागला होता. आधी दोनदा धुतली, मग कोरडी केली, आणि आता छोट्या बाटलीतलं सीलंट स्पंजवर थेंब थेंब घेऊन एकेका पत्र्यावर फिरवत होता. फिरवलं की पांढुरकं धुकं यायचं. ते पुसलं की गाडी होती तशीच. पण सीलंटमुळे रंगाला वर्षभर ऊन लागत नाही, त्यावर पाणी थांबत नाही, असं बाटलीवर छापलं होतं आणि त्यानं ते तिला तीनदा वाचून दाखवलं होतं.

डावी बाजू झाली होती. उजवीकडे लावलेलं पुसायचं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून होता. सासूबाईंचं काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आज संध्याकाळी पाचला सोडणार होते. "डॉक्टर तपासून गेले," नर्स म्हणाली. "आजींना सोडलंय. खाली बाकावर बसल्यात. लवकर या कुणीतरी."

"आईंना सोडलंय," तिनं सांगितलं. "चल."

"आत्ता? पाच म्हणाले होते ना?"

"अकरालाच सोडलंय."

"अगं, ही बाजू अशी सोडली तर डाग धरेल. आणि बारा तास हलवायची नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय. धूळ बसली की सगळं मुसळ केरात. टॅक्सी बोलव."

तिनं तिथंच उभं राहून टॅक्सी शोधली. "चाळीस मिनिटं दाखवतंय."

"मग चाळीस मिनिटं. आई काय पळून जातेय?"

हे तो मान वर न करता बोलला. स्पंज सरळ खाली, सरळ वर. करंगळीसुद्धा पत्र्याला लागू देत नव्हता. इतक्या हळुवार हातानं यानं काल आईच्या डोळ्यात औषध घातलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. काल ऑपरेशनआधी औषध तिनंच घातलं होतं. हा बाहेर बाटलीवरचं वाचत बसला होता.

ती चहा तसाच घेऊन वर गेली. खाली आली तेव्हा खांद्याला पर्स होती, हातात सासूबाईंचा काळा चष्मा आणि गाडीची किल्ली.

लायसन्स मिळून चार महिने झाले होते. चार महिन्यांत तीनदा गाडी चालवायला मिळाली होती, तीही तो शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवून असताना.

"काय करतेयस?"

"आईंना आणायला चाललेय."

"गाडीनं?"

"मग काय, खांद्यावरून आणू?"

"अगं हँडल! हँडल ओलं आहे!"

तिनं हँडल पाचही बोटांनी धरलं आणि दार उघडलं. आत बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. तो खिडकीशी आला.

"दोन मिनिटं थांब. एवढी बाजू तरी पुसू दे."

"पूस की. मी कुठं नको म्हणतेय?"

तिनं गाडी सुरू केली. तो फडकं घेऊन खरंच पुसायला लागला. गाडी हळूहळू पुढे सरकली तसा तोही पुसत पुसत बाजूनं चालू लागला. "क्लच सावकाश! खांबाला जपून! अगं, खांब!" खांब तीन बोटं अंतरावरून मागे गेला. फाटकाशी गाडी बंद पडली. त्यानं कपाळाला हात लावला. हाताला सीलंट होतं, ते कपाळाला लागलं. तिनं दातओठ खाऊन पुन्हा किल्ली फिरवली, आणि या वेळी गाडी रस्त्यावर आली. आरशात तो फाटकात उभा दिसत होता, फडकं हातात तसंच.

चौकातल्या सिग्नलला मागच्यानं हॉर्न वाजवला. "वाजव बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "तूच राहिला होतास." पुढच्या वळणाला तिच्या लक्षात आलं की आपण तिसऱ्या गिअरमध्ये आहोत आणि आपल्याला कुणी काही सांगत नाहीये.

सासूबाई बाकाच्या कडेला बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली.

"फार वेळ झाला का हो, आई?"

"नाही गं. आत्ताच तर बसले," त्या म्हणाल्या. त्यांचे पाय बसून बसून सुजले होते.

तिनं त्यांना चष्मा घातला आणि हाताला धरून बाहेर आणलं. दार सापडेपर्यंत सासूबाई बॉनेट चाचपत गेल्या. तळवा पांढरा झाला, तो त्यांनी पदराला पुसला.

"तो नाही आला?"

"गाडी पुसतोय," ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशी कुणीही त्याची चौकशी केली की तिच्या तोंडून हेच निघायचं. आताही निघालं.

सासूबाई दारात थांबल्या. उघड्या डोळ्यानं त्यांनी गाडीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"गाडी तर ही इथं आहे," त्या म्हणाल्या. "मग तो पुसतोय काय?"