लिलीचं नाक

आग्नेल अर्नाळ्याहून परतला तेव्हा लिली ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तो पायरी चढताच ती मुरगळलेल्या पायावर कशीबशी उभी राहिली, सवयीने त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायला निघाली आणि थबकली.

वसईच्या दारू सोडवायच्या दवाखान्यातल्या विनिता मॅडमनी नवराबायकोला समोरासमोर बसवून ठरवून दिलं होतं. लिलीने वास घ्यायचा नाही, खिसे चाचपायचे नाहीत, जुनं उकरायचं नाही. घरी आल्यावर आग्नेलने आपणहून सांगायचं, "आज प्यालो नाही." तिने म्हणायचं, "बरं वाटलं." सुरुवातीला दोघांना हसूच यायचं. पण गेला महिनाभर ते नीट चाललं होतं.

आज मात्र अर्नाळ्याला आग्नेलच्या मित्राच्या, सायमनच्या मुलीचं लग्न होतं. पायामुळे लिलीला जाता आलं नाही, आग्नेल एकटाच गेला होता. आणि लग्नघरी माणूस टेकायच्या आत त्याच्या हातात ग्लास येतो.

आग्नेल पायरीवर चपला काढत राहिला. वास येऊ नये म्हणून लिलीने श्वास रोखून धरला. वेलची, पान, पेपरमिंट, कच्चा कांदा, या नाकाने आजवर सगळ्यामागचं खोटं पकडलं होतं.

"बोला की," ती शेवटी म्हणाली.

"प्यालो." तो खाली बघत होता. "एकच घोट. सायमनने हातात दिला, नको म्हनता म्हनता तोंडाला लावला. मग ठेवला नि तसाच निघालो. जेवलोबी नाय."

लिलीच्या जिभेवर सगळं आलं. दारूपायी विकलेलं जाळं, पोरांदेखत झालेले तमाशे. तिने ते गिळलं. अशा वेळी काय म्हणायचं ते मॅडमनी सांगितलं होतं, पण नेमकं आठवेना.

"शिव्या तरी दे," आग्नेल म्हणाला. "अशी गप नको राहू."

"कशाला देऊ?" लिली म्हणाली. "लगीन झाल्यापासून आज पहिल्यांदा पिऊनबी माज्या नाकाला सुट्टी दिलीत तुमी. उद्या जाऊ मॅडमकडे. हे त्यांनापन तुमीच सांगा."

आग्नेलला हसू फुटलं, आणि हसता हसताच तो ओट्यावर बसून रडू लागला.

लिली तशीच लंगडत आत गेली. तीही जेवली नव्हती. एकाच ताटात दोघांचा भात वाढून ती बाहेर आली.