सातवा नट

"हा डंपर मी तपासणार नाही. याचे चालक माझे वडील आहेत," तिने सुपरवायझरला स्पष्ट सांगितलं.

पण वडील हट्टालाच पेटले. तपासणी हिनेच करायची, नाहीतर गाडीला कुणी हात लावायचा नाही. बाकीचे चालक गालातल्या गालात हसले. परीक्षक घरचाच असल्यावर पेपर कोण सोडेल? शेवटी सुपरवायझर म्हणाला, "करून टाका ताई. तुमच्या सोबतचे तपासनीस शेजारी थांबतील, तेही सही करतील."

तिने ब्रेक पाहिले, टायरच्या खाचा मोजल्या आणि छोटी हातोडी घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. चाकाचा नट घट्ट असला की खणकन वाजतो, सैल असला की बद्द. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ती दहा वर्षांची असताना वडिलांनीच शिकवलं होतं, आणि तिने त्या आठवड्यात घरातली एकही खुर्ची ठोकायची सोडली नव्हती.

सातवा नट बद्द वाजला.

"ऐकलंत, बाबा?"

"तपासणी तुझी. तूच सांग." वडिलांची नजर तिच्या ओठांवर होती.

तिला शंका आली. ती उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. पलीकडच्या चार चालकांनी वळून पाहिलं. वडील चाकाकडेच बघत होते.

या माणसावर तिचा फार जीव होता. तरी तिने लिहिलं: नट आवळावा. कान तपासून होईपर्यंत चालकाला गाडी देऊ नये.

"अहो ताई, बापाच्याच पोटावर पाय?" सुपरवायझर कळवळला. "तीस वर्षांत साधा ओरखडा नाही त्यांच्या गाडीला!"

तिने कागद वडिलांपुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"परवा गाडी मागे घेताना एक माणूस ओरडत होता. मला ऐकूच आलं नाही. थोडक्यात वाचला बिचारा. या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी थट्टेवारी नेलं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणीही माझं तोंड बघून सही केली असती, पोरी. म्हणून तर तुझ्यासाठी अडून बसलो."