जमीन एक नंबर

कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्या वर्षीची गोष्ट. आर्णीचे निवृत्त तारमास्तर वामनराव यांना हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं वेड. एकशेसाठ मीटरच्या लहरींवर बोलायचं, तर अडीचशे फूट तारेची अँटेना हवी. ती शेजारच्या श्रावणभाऊंच्या वावरावरून नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून त्यांनी श्रावणभाऊंना कम्प्युटरपुढे बसवलं आणि अँटेना आधी पडद्यावर बांधून दाखवली. तारेखालची जमीन कशी, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. वामनरावांनी काळ्या मातीचे आकडे भरले.

"काय म्हन्ते मशीन?"

"म्हन्ते, जमीन एक नंबर. लहरींले याच्याहून चांगली भेटणार नाही."

श्रावणभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं, मग कागदावर छापून मागितलं. इतक्या वर्षांत अँटेनात रस घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटलेला. वामनरावांनी हरखून रंगीत प्रिंट काढली.



"तार खुशाल बांधा, मास्तर," कागद खिशात घालत श्रावणभाऊ म्हणाले, "पण रविवारी आमच्या पोरासाठी पोरगी पाहाले मारेगावले चला. कापूसवाल्याच्या पोराले कोनी पोरगी देऊन नाही राह्यलं. तिच्या बापाले हे तुमीच वाचून दाखवा."